खोका ठेवा

दुबईत आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ एकही खोका टाकत नाहीत. टीव्हीचा, मिक्सरचा, अगदी इस्त्रीचासुद्धा. सगळे थर्माकोलसकट हॉलमध्ये छतापर्यंत रचलेले. मूळचे रत्नागिरीकडचे, आमच्याच कंपनीत एचआरला. कोणाचा व्हिसा लागला, कोणाचा कॅन्सल झाला, ते कागद त्यांच्याच हातून जातात.

कोणी नवीन वस्तू घेतली की किमतीआधी ते खोक्याची चौकशी करतात. "जाताना विकायला काढलीत तर खोक्यासकट शंभर दिरहम जास्त येतात. म्हणजे चोवीसशे रुपये! इन्शाल्ला, तशी वेळ येणार नाही. पण खोका ठेवा." दर वेळी हेच, याच क्रमाने.

मला राग यायचा. माणूस इथे राहायला आलाय की निघायला? आम्ही मोठा टीव्ही घेतला तेव्हा मी त्यांच्या देखत खोका कचऱ्याच्या खोलीत टाकून आलो. 

या महिन्यात ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे. लिफ्टमध्ये ते भेटले की मी त्यांचा चेहरा वाचायला बघतो आणि ते मजल्यांचे आकडे बघत राहतात.

काल संध्याकाळी बेल वाजली. दारात ते, आणि आमच्या टीव्हीचा खोका. तेव्हाच उचलून आणून जपलेला, धूळ पुसलेला.

"आता ह्याचं काय काम?" मी हसल्यासारखं करून विचारलं.

त्यांनी खोका भिंतीला नीट टेकवला. खाली बघतच म्हणाले, "खोका ठेवा."

इन्शाल्ला म्हणाले नाहीत.