तोंड बांधलेली नळी

माझ्या गॅरेजच्या पाटीवर ‘सर्व प्रकारच्या इंजिनांचे तज्ज्ञ’ असं लिहिलेलं आहे. पेंटरनं फक्त ‘डिझेल गॅरेज’ लिहायचं ठरलं होतं. तज्ज्ञ हा शब्द मी त्याला चहा पाजून वाढवून घेतला. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत ती पाटी ऊन खात उभी असते. तिच्याखाली बसून माणसाला ‘मले माहीत नाही’ म्हणणं फार जड जातं. हे मी अनुभवानं सांगतो आहे.

माझे भाटवे, म्हणजे थोरल्या बहिणीचे नवरे, लाइनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, ट्रकवर ड्रायव्हर होते. मारेगावच्या एका जिनिंगवाल्या शेठची गाडी. इथून कापसाच्या गाठी भरायच्या, पंजाबात उतरवायच्या आणि येताना मिळेल तो माल आणायचा. वीस वर्षांत त्यांची गाडी रस्त्यात बंद पडली नव्हती. लाइनची गाडी हाच त्यांचा तोरा होता. लग्नात, तेरवीत, कुठंही बसले की लोक त्यांना विचारत, कोणता मुलूख पाहून आले. मीही जरा छाती फुगवायचो, कारण गाडीचं काम माझ्याच हातचं.

दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात शेठनं ठरवलं की पंजाबातून गाडी आणखी वर काश्मिरात न्यायची आणि सफरचंदं भरायची. निघायच्या आदल्या दिवशी भाटवे गॅरेजात आले. त्यांना कुण्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं, बर्फात इंजिनाचा ब्रीदर गोठतो. ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ आणि धूर बाहेर सोडणारी रबरी नळी. आपल्याकडे ती खाली लोंबकळत असते, थेंब थेंब तेल गाळते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

“याले काय करा लागते?” भाटव्यांनी विचारलं.

मी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर, पोत्याखाली झाकलेला. पण वर पाटी होती ना. मी एक पान्हा उगाचच पुसला आणि म्हणालो, “सोपं आहे. आपण उन्हात कसं तोंड बांधतो? तसं त्याचं तोंड बांधून द्या.”

आता यवतमाळच्या माणसाला हे पटणारच. मे महिन्यात आमचं अख्खं गाव डोक्याला, नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतं. सख्खा भाऊ समोरून गेला तरी चपलेवरून ओळखावा लागतो. हवा बाधू नये म्हणून तोंड बांधायचं, हे आम्हाला आईच्या दुधातून मिळालेलं शास्त्र. मी ते गरमीतून उचललं आणि थंडीत नेऊन ठेवलं. शिवाय अर्धं गमतीतच म्हणालो होतो. पण भाटव्यांना माझी गंमत आणि माझं ज्ञान यांतला फरक कधी कळला नाही. चूक त्यांची नव्हती, मलाही तो नेहमी कळत नाही.

सातव्या-आठव्या दिवशी सकाळी काश्मिरातून त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी आयुष्यात पहिल्यांदा खराखुरा बर्फ पाहिला तो त्या फोनवर, आणि तो काळा होता. गाडीखाली तेल पसरलं होतं. तेल मोजायची पट्टी आपोआप उडून बाहेर आलेली. भाटव्यांनी कॅमेरा खाली नेला. नळीच्या तोंडावर ताईचा जुना दुपट्टा, तीन वेढे देऊन, सुतळीनं घट्ट बांधलेला. वाफेनं भिजून तो दगडासारखा झाला होता. पोटातली वाफ बाहेर पडेना, म्हणून तिनं इंजिनाच्या मागचं, तेल अडवणारं ऑइल सील फोडून वाट काढली होती.

तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं भाटव्यांचा फोन हातात घेऊन मला हिंदीत समजावलं. नळीचं अंग झाकायचं, तोंड नाही. एसीच्या पाइपावर काळा फोम चढवतात, तसा पूर्ण लांबीवर चढवायचा. नळी आखूड ठेवायची, मध्ये झोळ पडू द्यायचा नाही, नाहीतर तिथं पाणी साचून गोठतं. आणि वर, इंजिनाच्या उबेजवळ, एक छोटी चीर द्यायची. खालचं तोंड गोठलंच तर वाफेला दुसरं दार. शेवटी त्यानं विचारलं, ये कपडा बाँधने को किसने बोला था? मी म्हणालो, नेटवर्क जा रहा है.

सील येईपर्यंत भरलेली गाडी आठ दिवस तिथंच उभी राहिली. सफरचंदं गारठून आतून तपकिरी झाली.

परत आल्यावर शेठनं भाटव्यांना जिनिंगच्या आवारात उभं केलं. मी सील नीट बसलंय का ते बघायला गेलो होतो, गाडीखालीच होतो. शेठनं विचारलं, हे तोंड बांधायचं डोकं कोणाचं? मी एक नट आवळत होतो. तो आधीच आवळलेला होता.

“माहंच,” भाटवे म्हणाले. “आपल्या मनानंच बांधलं.”

मी नट आवळत राहिलो.

लाइनची गाडी दुसऱ्याला गेली. भाटव्यांना मिळाली गोदामाची खटारी, मारेगाव ते पांढरकवडा, त्याच्या पुढं नाही. लग्नातही मग ते मागच्या रांगेत बसू लागले. मला मात्र ते एका शब्दानं बोलले नाहीत. ताईनं एकदाच विचारलं, माहा दुपट्टा कुठं गेला?

दोन वर्षं मी उत्तरेकडं जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नळीला फोम चढवला, वर चीर दिली, आणि ड्रायव्हरला बजावलं: अंग झाका, तोंड मोकळं ठेवा. शेवटी या उन्हाळ्यात एक दिवस हिंमत बांधून मारेगावला गेलो आणि शेठला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता लाइनची गाडी परत मिळेल भाटव्यांना.

शेठनं उठून पंखा वाढवला. मग म्हणाले, “नवी गाडी घेतली मी. त्यालेच देणार होतो. चूक झाली तं झाली, पण त्यानं आपल्या तोंडानं कबूल केली, बहाणा नाही सांगतला. म्हणून देणार होतो.” माझ्याकडे वळून म्हणाले, “आता तू म्हणतं, ते खोटं होतं.”

ती नवी गाडी दुसऱ्याच ड्रायव्हरला गेली.

भाटवे दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजात आले. मी स्टूल पुढं केलं, ते बसले नाहीत. पाटीकडे बघून म्हणाले, “साळेबुवा, तोंड उघडाचं होतं तेव्हा तू बांधून ठेवलं. अन् बांधून ठेवाचं तेव्हा उघडलं.”

“चुकलो, भाटवे,” मी म्हणालो. हेच मी तेव्हा गाडीखालून बाहेर येऊन म्हणायला हवं होतं.

बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढला, डोक्यावरून घेतला, नाकातोंडावरून तीन वेढे दिले, आणि खटारीकडे गेले. डोळे तेवढे दिसत होते. ते हसत होते की काय, हे मला त्या दुपट्ट्यातून काही कळलं नाही.