आक्कानं उचललेली सुरी

बाळाप्पाचा माणसांवर विश्वास बेताचाच, कानशीवर मात्र पुरता. उद्यमनगरात लोखंडाला पाणी द्यायच्या भट्टीवर त्याची एकोणीस वर्षं गेली. तिथं कडकपणाचा आकडा सांगणारं यंत्र होतं. घरी, कळंब्याला, परसात तो मोटारींच्या जुन्या कमानपाट्यांच्या सुऱ्या करायचा, आणि तिथं यंत्राच्या जागी एक झिजलेली कानस.

लालभडक पातं तेलात बुडवलं की ते काचेसारखं होतं. कानस त्यावरून नुसती घसरते. मग ते पुन्हा मंद आचेवर धरायचं, गव्हाळ रंग चढेपर्यंत. त्यानं पातं जरा नरमतं, कानस थोडी धरू लागते, आणि सुरी जन्माला पुरते. हा दुसरा शेक राहिला तर धार अशी लागते की बघणारा हरखून जातो. पण कठीण गाठीवर पडली की तुकडा उडतो. असा एक तुकडा भट्टीवरच्या कृष्णातचा डोळा घेऊन गेला होता. तेव्हापासून न तपासलेलं पातं बाळाप्पाच्या दाराबाहेर पडलं नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यानं सहा सुऱ्यांना पाणी दिलं. पाचांना दुसरा शेक बसला आणि कोळसा संपला. सहावी तशीच राहिली. त्यानं खूण केली नाही. पाच गव्हाळ, एक राखाडी, चुकायचं कसं?

नवमीला दुपारी तो कारखान्यातली पूजा आटपून घरी आला आणि देव्हाऱ्यापुढं थबकला. बायकोनं, शांतादेवीनं, सगळी हत्यारं चिंचेनं नि राखेनं घासून पाटावर मांडली होती. साही सुऱ्या चांदीसारख्या पांढऱ्या. मधोमध हळदीकुंकू लावलेली कानस.

"शांते, रंग कुठं गेला गं ह्यांचा?"

"डाग हुतं ते काढलं. देवाम्होरं मळकं मांडू व्हय?"

त्याचा हात कानशीकडं गेला. शांतादेवी ओरडली, "अवं, आज हत्यार चालवायचं न्हाय! उद्या सोनं लुटल्यावर उचला."

तिचं चुकलं नव्हतं. याच दिवशी हातोडी उचलणाऱ्या पोरांना बाळाप्पानं वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या. आता स्वतःचा नेम स्वतः कसा मोडणार? त्यानं हात मागं घेतला, पण घास गोड लागेना.

सणाला मलकापूरहून त्याची थोरली बहीण आली होती. दसऱ्याला सकाळीच ती परत निघाली आणि पाटापुढं बसली.

"बाळू, एक सुरी नेती रं मी."

"आक्का, दम की. उद्या तपासून पाठवतो."

"भणीला द्यायची सुरी तपासाय लागती व्हय? ऱ्हाऊ दे मग."

आक्काचं तोंड उतरलं. शांतादेवीनं नवऱ्याकडं डोळे वटारले. "न्हेऊ द्या की! माहेरवाशिणीनं मागितलं तर देवाम्होरचंबी द्यावं."

आक्कानं एकेक सुरी नखावर लावून पाहिली आणि सगळ्यात धारदार होती ती उचलली. बाळाप्पानं ती तिच्या पिशवीत जाऊ दिली. सहांतली एकच कच्ची, तीच कशाला जाईल, असं त्यानं मनाला समजावलं. भित्रं मन असलं गणित फार लवकर शिकतं.

संध्याकाळी सोनं लुटून आल्यावर टोपीही न काढता त्यानं कानस उचलली. पहिल्या सुरीला कानस धरली. दुसरीला धरली. तिसरी, चौथी. पाचवीला तर त्यानं देवाचं नाव घेऊन लावली, घसर म्हणून. तिथंही धरली.

शेवटची गाडी गेली होती. आक्काच्या घरी फोन नव्हता. पहाटेच्या पहिल्या एसटीनं तो मलकापूरला पोचला, तेव्हा आक्का ओसरीवर उसाची चघळून टाकलेली चोयटी झाडत होती.

"आलास व्हय बाळू! अरं, काय सुरी केलीयास! ऊस कांद्यागत कापती बघ."

त्यानं बोलायच्या आधी सुरी हातात घेतली. धारेच्या मध्यावर तांदळाएवढा तुकडा उडाला होता. तुटलेली कड ताजी, पांढरी.

"आक्का, ह्यो तुकडा कुठं हाय?"

"कसला तुकडा? अगं बया... आत्ता पोरांस्नी कांड्या तोडून दिल्या, तवाच उडाला असंल."

बाळाप्पा गुडघ्यावर बसला. त्यानं चोयटी चिवडली, ओसरी तळहातानं चाचपली. काही लागलं नाही; तुकडा कुणाच्या तरी कांडीत रुतून गेला असणार.

"पोरं कुठं हायत?"

"बसत्यात व्हय घरात? एक मळ्याकडं गेलं, एक वड्याला, धाकटी कुणाच्या तरी दारात असंल. का रं? असा का बघतोयस?"

तो अंगणात धावला. तिन्ही नातवंडं तीन वाटांनी गेली होती, तोंडात ऊस घेऊन. आधी कुणाच्या नावानं हाक मारावी, हेच त्याला कळेना.