टपालपेटीवरचा टॉवेल

हॉलोवे रिजवर व्हॅल्डा क्रिस्पिनला न ओळखणारा माणूस म्हणजे एकतर काल राहायला आलेला, नाहीतर तिला मुद्दाम टाळणारा. दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त. कोणाच्या अंगणात घाणेरी फुललेली दिसली की व्हॅल हातमोजे चढवून दारात उभी राहायची. "ही बया तू उपटतोस की मी उपटू?" असं विचारायची आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागायची. घाणेरीची फळं पक्षी खातात, बी खाली घळीत नेऊन टाकतात आणि रानाचा गळा आवळतात, हे तिनं लोकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की पोरं तिची नक्कल करायची. नक्कल बरी जमली तर ती स्वतःच टाळ्या वाजवायची.

सिडनीच्या उत्तरेला डोंगराची एक सोंड रानात घुसली आहे, तिच्या पाठीवरून जाणारा एक रस्ता म्हणजे रिज. पश्चिमेकडच्या घरांची मागची कुंपणं संपली की थेट घळ आणि पुढे नजर पोचेल तिथवर निलगिरी. इथले लोक या झाडांवर जीव टाकतात आणि वर्षभर त्यांच्या नावानं बोटंही मोडतात. पन्हळी पानांनी भरतात, फांद्या गाड्यांवर पडतात, काकाकुवे खिडक्यांच्या चौकटी कुरतडतात. तरी कोणी झाड तोडायला काढलं की सगळा रस्ता त्याच्याशी बोलणं टाकतो.

आधी इथे लाकूडतोडे आले आणि उंच उंच झाडं शहराच्या घरांसाठी घेऊन गेले. मग हॉलोवे नावाच्या माणसानं संत्र्यांची बाग केली. आगगाडी आल्यावर बागेचे तुकडे पडले, युद्धावरून परतलेल्यांनी विटांची बुटकी घरं बांधली. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी ज्या मूळ रहिवाशांनी ओढ्याच्या कातळावर दगडी कुऱ्हाडी घासल्या, त्यांच्या खाचा अजून तिथे आहेत. त्या माणसांना कसं हुसकावलं, हे कित्येक वर्षं शाळेत कोणी शिकवलंच नाही. व्हॅलला ते पन्नाशीत कळलं आणि ती आठवडाभर भेटेल त्याच्यावर डाफरत होती.

ती इथे आली लग्न होऊन. नवरा कीथ बँकेत कारकून, स्वभावानं गरीब गाय. मूल झालं नाही. त्याचं दुःख तिनं कोणाला दाखवलं नाही, पण त्याच सुमाराला ती घळीत उतरू लागली आणि एकेक पट्टा तण काढून मोकळा करू लागली. कीथ वारल्यावर लोकांना वाटलं, आता ही शांत होईल. ती कसली शांत होते! तिनं रस्त्याची वणवा-तुकडी काढली, शेजाऱ्यांना पंप चालवायला शिकवलं आणि टॉवेलचा नियम घालून दिला.

हा नियम असा. वणव्याच्या दिवशी घर सोडून निघायचं तर जाताना दारातल्या टपालपेटीवर टॉवेल टाकायचा. टॉवेल दिसला की घर रिकामं आहे असं समजून अग्निशमनवाले पुढे जातात. एका उन्हाळ्यात त्यांचा अर्धा वेळ रिकाम्या घरांची दारं बडवण्यात गेला होता, तेव्हा व्हॅलनं हे काढलं. एक गोष्ट मात्र तिनं सगळ्यांना बजावून ठेवली होती: आपला टॉवेल आपल्याच हातानं टाकायचा.

समोरच्या घरातला रॉस टलक या नियमाची टर उडवायचा. "मी काय आंघोळीला निघालोय का गं, टॉवेल घेऊन मिरवायला?"

"कर की एकदा आंघोळ. रस्ता दुवा देईल," व्हॅल म्हणायची.

रॉस निवृत्त सर्व्हेअर होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी फिओना शहरात. दोन्ही कानांनी कमी ऐकायचा आणि कानातलं यंत्र खिशात ठेवायचा. व्हॅलशी त्याचं रोज कशावरून तरी वाजायचं आणि ज्या दिवशी वाजलं नाही त्या दिवशी दोघंही चिडचिडे असायचे.

त्या डिसेंबरात, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, पाऊस असा झालाच नव्हता. शनिवारी सकाळपासून पश्चिमेचा वारा सुटला, भट्टीचं दार उघडल्यासारखा. दुपारी घळीपलीकडे धूर उभा राहिला आणि निघून जाण्याचा इशारा आला. व्हॅल दारोदार फिरून लोकांना हाकलू लागली. "फोटो घेतलेस, आता पुरे! सोफा जळला तर जळू दे, नाहीतरी भिकार आहे तो."

शेवटी ती रॉसच्या दारात आली. गॅरेज उघडं होतं आणि आत गाडी नव्हती. तिनं बेल दाबून धरली, दार ठोठावलं, हाकाही मारल्या. आतून हूं की चूं नाही. टपालपेटीवर टॉवेल नव्हता, अर्थात. "गेला एकदाचा, आणि टॉवेल टाकायची अक्कल नाही ती नाहीच," ती पुटपुटली. तिनं स्वतःच्या दोरीवरचे दोन टॉवेल ओढले. एक आपल्या पेटीवर टाकला, दुसरा, पिवळ्या पट्ट्यांचा, रॉसच्या पेटीवर. वर वाऱ्यानं उडू नये म्हणून चिमटाही लावला. आणि वेळेत सगळा रस्ता रिकामा केला, या समाधानात ती गाडीत बसली.

सुरक्षित जागा म्हणून ठरलेल्या बोलिंग क्लबच्या सभागृहात रिजवरची माणसं जमली होती. पिंजऱ्यांतली मांजरं ओरडत होती, कोणीतरी चहाची मोठी किटली चढवली होती. व्हॅलनं अग्निशमनाच्या माणसाला सांगितलं, "आमच्या रस्त्यावर कोणी नाही. सगळ्या पेट्यांवर टॉवेल आहेत." त्यानं ते वायरलेसवर कळवलं.

तेवढ्यात फिओना धावत आत आली. तिनं व्हॅलला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून मागे बघितलं.

"आंटी व्हॅल, बाबा कुठेत?"

"मला काय विचारतेस? गेला की गाडी घेऊन कधीच."

"गाडी माझ्याकडे आहे. माझी बंद पडली म्हणून काल मी घेऊन गेले. सकाळी मी फोनवर बजावलं त्यांना, आंटी व्हॅलबरोबर निघा. हो म्हणाले."

म्हणजे रॉस घरीच होता. तो मागच्या अंगणात असणार. ठिणग्या पडतील म्हणून तरणतलावातलं पाणी पंपानं ओढून कौलं भिजवत बसला असणार, कानातलं यंत्र खिशात. पंपाच्या घरघरीत त्याला वीज कोसळली तरी ऐकू गेलं नसतं, मग बेल कुठली? आणि पुढे, त्याच्या पेटीवर, आपल्या हातचा टॉवेल. कोणी दार वाजवू नये अशी व्यवस्था आपण केली, वर चिमटाही लावला.

ती अग्निशमनाच्या माणसाकडे परतली. "तो घरातच आहे. टॉवेल मी लावला. त्यानं नाही, मी लावला." तो माणूस तिच्यावर ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो शांतपणे वायरलेसकडे वळला आणि मग म्हणाला, "आमची गाडी अजून तिथेच जवळपास आहे. पण धूर फार आहे. थांबा."

फिओना घरचा फोन लावत राहिली, घंटा नुसती वाजत राहिली. दुसऱ्या हातानं तिनं व्हॅलचा हात धरून ठेवला, आणि तेच व्हॅलला सहन होईना. आयुष्यभर लोकांना नियम शिकवले, आणि मोडला कोणी? तिनं कीथ गेला तेव्हाही इतकी भीती अनुभवली नव्हती. कीथच्या वेळी तिच्या हातात काही नव्हतं.

मग दारावरचा कापडी फलक उलट्या बाजूला फडफडला. कोणीतरी ओरडलं, "दक्षिणेचा वारा आला!" माणसं बाहेर धावली. गार वारा खरंच आला होता आणि धुराची भिंत घळीतून उत्तरेला, जळून गेलेल्या रानाकडे ढकलली जात होती. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. व्हॅल जागची हलली नाही. घर वाचलं हे तिला कळत होतं, पण घराचं तिला काय करायचं होतं?

अग्निशमनाची तांबडी गाडी क्लबच्या आवारात शिरली आणि तिच्यातून रॉस उतरला. तोंड काळंठिक्कर, एका पायात चप्पल, खांद्यावर पिवळ्या पट्ट्यांचा टॉवेल. फिओनानं त्याला गच्च धरलं. त्यानं तिला थोपटलं आणि सरळ व्हॅलसमोर आला.

"हा तुझा ना? पुढे येऊन बघतो तर माझ्या पेटीवर फडकतोय. मला जिवंतपणीच गेलेला ठरवून मोकळी झालीस होय?"

"मूर्खा! बहिऱ्या! ते यंत्र काय शोभेला घेतलंयस?" व्हॅल ओरडली आणि ओरडता ओरडता रडू लागली, सगळ्या रिजसमोर. "मी तुला मारलं असतं रे आज. मी मारलं असतं."

रॉस गडबडला. व्हॅलला रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं टॉवेलानं आधी स्वतःचं तोंड पुसलं, मग तोच तिच्या हातात दिला.

"तो काढून मी तुझ्या घराकडेच पळालो," तो म्हणाला. "म्हटलं, ही बाई अजून इथेच कडमडत असेल. तुझ्या पेटीवर टॉवेल बघितला आणि जीव भांड्यात पडला. तिथेच रस्त्यात बसलो होतो, तेवढ्यात ही मंडळी वळून आली."

"आजपासून दुसऱ्याच्या पेटीला मी हात लावणार नाही," व्हॅल नाक पुसत म्हणाली.

"लावशील गं. माझ्या दारात तुझ्याशिवाय येतंय कोण?"

"बाबा, मी इथे उभी आहे," फिओना म्हणाली.

"तू शहरात राहतेस, पोरी. ही समोर राहते."

व्हॅलनं त्याला चहा आणून दिला, साखर जास्त पडली म्हणून त्यानं कुरकुर केली, आणि तिला इतकं हलकं वाटलं की ती त्याच्याच बशीतलं बिस्कीट उचलून खात बसली.

रिजवरचा नियम आता बदलला आहे. माणूस स्वतःच्या डोळ्यांनी निघालेला पाहिल्याशिवाय त्याच्या पेटीला कोणी शिवत नाही. आणि पश्चिमेचा वारा सुटला की व्हॅल बेलच्या भानगडीत पडत नाही. ती रॉसच्या बाजूच्या फाटकातून सरळ मागच्या अंगणात जाते. तो दचकतो, पंप बंद करतो आणि तिला यथेच्छ शिव्या देतो. त्या पुऱ्या ऐकून घेतल्यावरच ती पुढच्या घराकडे वळते.