आईंचं शेवटचं इंग्रजी वाक्य

सकाळी खाडीकडची खिडकी उघडली, खारट गारवा आत आला, आणि वळून पाहिलं तर माझ्या सासूबाईंचा श्वास थांबलेला होता. हात अजून कोमट... नाकात नळी नाही, उशाशी यंत्राची पिकपिक नाही. रडू येण्याआधी मला हायसं वाटलं. काही आठवडे लोटले. ते हायसं वाटणं अजून ओसरलेलं नाही.

सासूबाईंना मी आईच म्हणायचे. त्या मूळच्या साताऱ्याच्या. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर जवळच्या करावे गावातल्या मासळी विकणाऱ्या बायकांना. बाजार आटोपून त्या आमच्या सीवूड्सच्या घरी येत, तेव्हा बैठकीच्या खोलीत कोळंबीचा आणि अबोलीच्या ओल्या गजऱ्यांचा वास एकमेकांत मिसळून जाई. शिकलेला शब्दप्रयोग आपल्या धंद्यातल्या वाक्यात बसवून दाखवायचा, हा आईंचा नियम. 'ॲट युवर डिस्क्रिशन', म्हणजे तुमच्या विवेकावर सोपवलं, हे शिकवलं त्या दिवशी त्यांच्यातली भारती ताठ उभी राहून म्हणाली, "मॅडम, द प्राइस इज ॲट युवर डिस्क्रिशन!"

"वाक्य बिनचूक. पण आता गिऱ्हाईक सांगेल तो भाव हं, भारती."

"अगो बाय! मंग तं घरान खावाला सुकटच हाय!"

हसणं ओसरल्यावर आई म्हणाल्या, "तुकडे जाड की पातळ, ते गिऱ्हाइकावर सोड. समोरचा काहीही ठरवो, आपली तक्रार नसेल, तिथेच हे शब्द वापरायचे."

यंदा आईंची फुप्फुसं थकली. कृत्रिम श्वासाचं यंत्र लावलं तर थोडे दिवस वाढतील, बरं होण्याची आशा मात्र नाही, असं रुग्णालयात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. माझे यजमान आधीच गेलेले. थोरले दीर, ज्यांना मी दादा म्हणते, ते म्हणाले, "लावा. आईला असं सोडायचं नाही." डॉक्टरांनी आईंनाच विचारलं. त्यांनी मास्क बाजूला केला, माझ्याकडे बोट केलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "ॲट हर डिस्क्रिशन."

यंत्र न लावता मी त्यांना घरी आणलं. दादा माझ्याशी बोलेनासे झाले. आईंना धाप लागली की मनात येई... आपण त्यांचे दिवस तर हिरावले नाहीत? एका दुपारी न राहवून विचारलं, "आई, परत नेऊ का?"

"एकदा सोपवलं ना तुझ्यावर? मग मला कशाला छळतेस? पेजेत मीठ घाल थोडं."

दिवसकार्य झाल्यावर दादा एकटेच आले. आईंच्या पलंगाच्या कडेवर बसून कितीतरी वेळ चादरीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "चेहरा किती निवांत होता गं तिचा... बरं झालं, बोट माझ्याकडे नाही केलं. मी यंत्रच लावलं असतं."

मी चहा घेऊन आले, तोवर ते तिथेच आडवे होऊन गाढ झोपले होते. दुपारी कुणाचाही डोळा लागला की आई करायच्या तसा मी पंखा हळू केला, आणि दार ओढून घेतलं.