गॅसवर्क्सच्या वळणावरची मेव्हिस

मेव्हिस ब्लूरचा हात कधी हलत नाही, ही गोष्ट इंग्लंडमधल्या लाँगटन या कपबश्यांच्या गावात तिच्या कारखान्याबाहेरही माहीत होती. काम तसं एकच. चिनी मातीचा कप चाकावर ठेवायचा, चाक फिरवायचं आणि कपाच्या काठावर सोनेरी रेघ ओढायची. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे, सांधा दिसता कामा नये. विशीतल्या मुलीला हे काम सहसा देत नसत. पण तिची पहिली रेघ बघून खात्यातल्या मुख्य बाई मिसेस सॉल्ट काहीच बोलल्या नाहीत, आणि त्या बाईंनी काही न बोलणं म्हणजे शाबासकीच समजायची.

हाच हात दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनाघराच्या माडीवर खेळण्यातल्या गाड्या उचलायला लागला, त्याला कारण तिचा मित्र गॉर्डन मेचिन.

गॉर्डन बस डेपोत मेकॅनिक होता. दिवसभर मोठ्या बसच्या पोटाखाली आणि संध्याकाळी तळहाताएवढ्या गाड्यांच्या. साठच्या दशकात हे वेड गावोगाव पसरलं होतं. लाकडी ट्रॅकमध्ये चार खाचा कोरलेल्या, खाचेच्या दोन्ही अंगांना वीज वाहणाऱ्या पट्ट्या, गाडीच्या पोटाखालची जीभ खाचेत आणि बटण आपल्या अंगठ्याखाली. बटण दाबलं की गाडी पळते, जरा जास्त दाबलं की वळणावर उडते. शास्त्र एवढंच, पण त्यावर लाँगटनची शहाणी माणसं आठवडाभर भांडू शकायची.

ट्रॅक क्लबच्या मंडळींनी त्या माडीवरच बसून बनवला होता. वळणांना गावातल्या जागांची नावं दिली, प्रत्येक खाचेला रंग दिला, सगळं झाल्यावर कौतुकाने मागे सरकून बघितलं, आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की हा आता दारातून बाहेर जाणार नाही. डेपोतला मेकॅनिक, खाणीतला सुतार, बँकेतला कारकून, एवढी डोकी असून दाराचं माप घ्यायचं कोणालाच सुचलं नव्हतं. मेव्हिस हे आयुष्यभर हसत हसत सांगत आली.

ती पहिल्यांदा गेली तेव्हा तिला चहाच्या बंबापाशी उभं केलं, मुलींची जागा तीच होती. मग कळलं की तिला रंगवता येतं. नियमाप्रमाणे प्रत्येक गाडीत चालक हवा, निदान डोकं आणि खांदे. मेव्हिसने एकेकाचा चालक रंगवायला घेतला आणि त्याच्या मालकाचाच चेहरा त्याला द्यायला लागली. खाटकाचा मुलगा नेव्हिल टॅम्स, त्याचे कान लाल, तर त्याच्या चालकाचेही कान लाल. नेव्हिल चिडला, पण चालक काही बदलून मागितला नाही.

क्लबची खरी रीत मात्र वेगळीच होती. ज्याची शर्यत झाली त्याने पुढच्या शर्यतीला वळणावर मार्शल म्हणून उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या उडालेल्या गाड्या खाचेत ठेवायच्या. पळवणाऱ्यापेक्षा उचलणारा मोठा, असं सेक्रेटरी मिस्टर हल्म म्हणायचे. नव्या माणसाकडून ते एक वाक्य वदवून घेत: पहिली पडली, पहिली उठली. जवळची नाही, मित्राची नाही, आधी पडलेली. एकदा माणूस कमी पडला म्हणून मेव्हिसला गॅसवर्क्सच्या वळणावर उभं केलं. गावच्या गॅस कारखान्याचं नाव दिलेलं, सगळ्यांत वाईट वळण ते. तिने गाड्या अशा अलगद आणि सरळ ठेवल्या की पुढच्या गुरुवारपासून मिस्टर हल्म स्वतः चहा करायला लागले. तो चहा फार वाईट असायचा.

हंगामाची अंतिम शर्यत मार्चमध्ये होती. शर्यतीनंतरच्या रविवारी गॉर्डनच्या आईकडे चहाला जायचं होतं. हॅम, डब्यातले पीच, केक, आणि केक कापताना दोघांच्या लग्नाचं सांगायचं, असं ठरलं होतं. गॉर्डनच्या मनात होतं की चषकही त्या दिवशी शेकोटीवरच्या फळीवर असावा. हिवाळाभर त्याने मोटरची तार हाताने गुंडाळली होती. गाडीवर मेव्हिसने हिरव्या रंगावर सोनेरी रेघ ओढली होती, कपावर ओढायची तशीच.

शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या तेव्हा गॉर्डन आणि नेव्हिल बरोबरीत होते. दोघेही गॅसवर्क्सला वेगात आले आणि दोघांच्याही गाड्या उडाल्या. नेव्हिलची आधी, डोळ्याची पापणी लवायला वेळ लागतो तेवढीच आधी, आणि ती ट्रॅकच्या काठावरून थेट खाली जमिनीवर गेली. गॉर्डनची मेव्हिसच्या पुढ्यात उताणी पडली, सोनेरी रेघ वर करून.

हात पुढे केला असता तरी पुरलं असतं. कोणी बोट दाखवलं नसतं, समोरची उचलली एवढंच म्हणाले असते. मेव्हिस खाली वाकली. टेबलाखाली हात घालून नेव्हिलची गाडी काढली, तिच्या पोटाला चिकटलेलं कोळ्याचं जाळं अंगठ्याने पुसलं, गाडी खाचेत ठेवली. मग गॉर्डनची ठेवली. गॉर्डन हातभर अंतराने हरला.

घरी जाताना बसच्या वरच्या मजल्यावर दोघं शेजारी बसले. तिचा थांबा आला तेव्हा गॉर्डन बोलला.

“नुसता हात पुढे करायचा होतास तू.”

“तुझी दुसरी पडली होती.”

“कोणी बघितलं?”

“मी.”

“आणि वर पुसलीससुद्धा त्याची.”

“पुसल्याशिवाय चालली नसती रे,” मेव्हिस म्हणाली आणि उतरली.

रविवारी ती गेली नाही. डोकं दुखतंय असा निरोप शेजारणीकडून पाठवला, तो खोटा होता आणि गॉर्डनच्या आईलाही तो खोटा वाटला. कारखान्यात शेजारच्या चाकावरची डोरीन म्हणाली, एका खेळण्यावरून नवरा घालवलास, शाबास. मेव्हिसला ते लागलं, कारण घालवायचा नव्हताच. गॉर्डन तिला मनापासून आवडत होता, त्याच्या हातांच्या काळ्या नखांसकट. पण ज्याच्यासाठी प्रत्येक वेळी डोळे मिटायला लागतील अशा माणसाबरोबर जन्म कसा काढायचा, हेही तिला कळत नव्हतं. त्या आठवड्यात तिच्या एका कपावर सांधा दिसला. मिसेस सॉल्टनी तो कप न बोलता बाजूला ठेवला, आणि हे न बोलणं शाबासकीचं नव्हतं.

गुरुवारी जावं की न जावं करत ती गेली आणि बंबापाशी उभी राहिली. मिस्टर हल्मनी चहाचा डबा तिच्याकडे सरकवला. गॉर्डन उशिरा आला. हरलेल्याने पुढच्या आठवड्याची पहिली शर्यत मार्शल म्हणून सांभाळायची, हीही तिथली रीत, आणि मिस्टर हल्मनी त्याला नेमकं गॅसवर्क्सच्या वळणावर धाडलं. म्हातारा आतल्या गाठीचा होता.

शर्यत सुरू झाली. थोड्याच वेळात दोन गाड्या एकमेकींत अडकून उडाल्या, एक निळ्या खाचेतली, एक लाल. गॉर्डनने दोन्ही उचलल्या आणि तो तसाच उभा राहिला, दोन हातांत दोन गाड्या. कुठली आधी ठेवायची हे त्याला खरोखरच कळलं नव्हतं. पळवणारे ओरडायला लागले, ठेव रे, कुठलीही ठेव. त्याने कोणाकडे बघितलं नाही. खोलीतल्या सगळ्यांच्या डोक्यांवरून बंबाकडे बघून त्याने विचारलं,

“मेव्हिस, कुठली आधी?”

“निळी,” ती म्हणाली.

त्याने निळी आधी ठेवली. शर्यत संपल्यावर तो चहाला आला आणि त्याने कप पुढे केला.

“तिथे उभं राहिलं की काही दिसत नाही गं,” तो म्हणाला. “सगळं एकदम होतं.”

“बघायची सवय लागते.”

“आईने केक कापलेला नाही. शिळा झालाय, पण कापलेला नाही.”

मेव्हिसने त्याच्या कपात साखर घातली. त्या रविवारी दोघांनी तो शिळा केक खाल्ला. तो अजिबात चांगला नव्हता, आणि तसं सांगणारी सून आईला पहिल्याच भेटीत आवडली.

पुढे व्हायचं ते झालं. वेड ओसरलं, पोरं गिटारकडे वळली, प्रार्थनाघराने माडी परत मागितली. ट्रॅक दारातून जाईना, तेव्हा ज्या हातांनी जोडला त्याच हातांनी गॉर्डनने तो करवतीने कापला. तुकडे नेव्हिलच्या मामाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली जाऊन पडले. कारखाना बंद झाला, भट्ट्या पाडल्या, मेव्हिसची मुलं मोठी होऊन दुसऱ्या गावी गेली. तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं, आईबापांची दुखणी काढली, आणि दर नाताळात नातवंडांना दाराचं माप न घेतलेल्या शहाण्यांची गोष्ट सांगितली.

मागच्या वर्षी गोठा विकायला निघाला तेव्हा नेव्हिलचा फोन आला. तुकडे टिकलेत, थोडे उंदरांनी खाल्लेत एवढंच. उरलेली मंडळी जमली, सगळी पांढऱ्या केसांची, म्हणजे ज्यांना केस आहेत ती. बंद पडलेल्या शाळेचं सभागृह मिळालं, आणि या वेळी गॉर्डनने आत पाऊल टाकायच्या आधी दाराचं माप घेतलं. करवतीच्या सांध्यांवरून मेव्हिसने चारही रंगांच्या रेघा पुन्हा ओढल्या. हात थोडा हलतो आता, पण रेघ मिळते.

पहिल्या संध्याकाळी गॅसवर्क्सच्या वळणावर तिच्यासाठी स्टूल ठेवलं. खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला वाकता येत नाही, पण ती जागा दुसऱ्या कोणाला द्यायचा विषयच निघाला नाही. नेव्हिल आणि गॉर्डन समोरासमोर होते, तीच हिरवी गाडी, तोच लाल कानांचा चालक. चषक वगैरे काही नव्हतं, तरी दोघंही जीव टाकून पळवत होते. शेवटच्या फेरीत दोघांच्याही गाड्या उडाल्या. गॉर्डनची तिच्या पुढ्यात येऊन पडली. नेव्हिलची जमिनीवर गेली, टेबलाखाली.

मेव्हिसने हात पुढे केला नाही. स्टुलावरून उतरायला तिने टेबलाचा काठ धरला, एवढ्यात गॉर्डनने हातातला बटणाचा कंट्रोल खाली ठेवला. तो गुडघे धरत धरत टेबलाखाली गेला, नेव्हिलची गाडी घेऊन वर आला, तिच्या पोटाला लागलेली धूळ अंगठ्याने पुसली आणि ती मेव्हिसच्या हातात दिली.

“घे,” तो म्हणाला, “ही आधी पडली.”