नोंदकाकांची तक्रार

"चालत नाही" हे दोन शब्द नोंदकाकांना मुळीच खपत नसत. गोत्री भागातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कुणी तसं म्हटलं की ते चष्मा कपाळावर चढवत. "काय केलंस, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, एवढंच लिही. रडगाणं नको."

उभा जन्म त्यांनी कारखान्यात पाळीच्या वहीत नोंदी करण्यात घालवला होता. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून वेबसाइट तपासायला आमच्याकडे आले. नागरवाड्यातून स्कूटरवर यायचे. ऑफिसात सगळ्यांशी गुजराती, माझ्याशी मात्र मराठी, आणि डबा उघडला की आधी माझ्यापुढे सरकवायचे. मी तेव्हा सहा महिन्यांच्या उमेदवारीवर होते.

आमच्या साइट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या तयार सांगाड्यावर, उभ्या होत्या, त्याची नवी आवृत्ती मी चढवली आणि घोळ झाला. डायलिसिसच्या वेळा दाखवणारी एक साइट होती. क्लिक करत आतल्या पानावर गेलं की सगळं ठीक. तेच पान रिफ्रेश केलं की 'पान सापडले नाही'. पेशंटचे नातेवाईक नंबर बघायला सारखं रिफ्रेश करणार, आणि मग आम्हाला फोनवर फोन. आपली नोकरी गेली, असं मी धरूनच चालले.

काका खुर्ची ओढून शेजारी बसले. "अपग्रेडच्या सूचना पूर्ण वाचल्यास ना?"

"हो," मी म्हणाले. अर्ध्याच वाचल्या होत्या.

माझ्या शब्दावर त्यांनी फ्रेमवर्क बनवणाऱ्यांकडे रीतसर तक्रार नोंदवली. जगाला दिसेल अशा जागी, स्वतःच्या नावाने, एकेक पायरी लिहून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: सेटिंगमधली जुनी ओळ काढा, सूचनांमध्ये तसं लिहिलेलं आहे. मी ती ओळ काढली. पान मुकाट्याने रिफ्रेश झालं. काकांकडे बघायची माझी हिंमत होईना.

त्यांनी इंग्रजीत उत्तर लिहिलं: सूचना नीट वाचल्या नाहीत, चूक माझी, तुमचा वेळ घेतला, क्षमा असावी. तेवढ्यात काय झालं होतं ते विचारायला मालक आले. "काका, शुं थयुं हतुं?"

"मारी भूल, भाई. वांचवामां रही गयुं." माझी चूक, वाचायचं राहून गेलं, असं काकांनी सांगून टाकलं.

संध्याकाळी स्कूटरपाशी मी त्यांना गाठलं. "काका, तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?"

"अगं, मी उद्या घरी बसलो तरी कुणाचं अडत नाही. तुझं अडतं." स्कूटर सुरू करता करता म्हणाले, "पण परत मला खोटं सांगू नकोस." रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. मी तिथेच रडले.

उमेदवारी पार पडली, मी मोठी झाले, माझ्या हाताखाली आता आठ जण आहेत. खरं मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. गेल्या महिन्यात काका गेले. अंत्यदर्शन घेऊन आले आणि ती तक्रार शोधून काढली. खाली लिहायचं होतं, चूक यांची नव्हती, माझी होती. पण ती नोंद केव्हाच बंद झाली आहे, तिथे आता काही लिहिता येत नाही. काकांच्या नावापुढे 'चूक माझी' तसंच आहे, आणि ते कुणालाही वाचता येतं.