सायकल कोणाची?

वारज्याच्या नव्या सोसायट्यांमध्ये चंपाबाईंच्या हातची पोळी न खाल्लेला आयटीवाला शोधावाच लागला असता. त्या आणि त्यांचा नवरा महिपती वाशिमकडून आले, तेव्हा तिथे अजून शेतं होती. दोघांनी आधी त्या इमारतींवर विटा वाहिल्या. पुढे महिपती त्यातल्याच एका इमारतीवर वॉचमन झाला आणि चंपाबाई वरच्या मजल्यांवर पोळ्या लाटायला जाऊ लागल्या. एकुलता एक बद्रीनाथ मागच्या वस्तीतच जन्मला, वाढला. बारावीत नापास झाल्यावर तो दिवसभर चौकात उभा असायचा. “लागेल कुठंतरी कंपनीत,” असं म्हणत आई त्याच्या ताटात वाढत राहिली.

एका रात्री वस्ती जागी झाली ती जळक्या रबराच्या वासानं. उजाडेपर्यंत गल्लीतल्या दुचाक्यांचे नुसते सांगाडे उरले होते. टोकाला दादामियाँची रिक्षा कोळसा होऊन पडली होती. ती वाचवायला धावलेल्या दादामियाँचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. महिपतीची जुनी सायकल तेवढी पलीकडच्या भिंतीला टेकून धडधाकट उभी होती. “देवानं राखली,” चंपाबाई बोलून गेल्या आणि लगेच ओशाळल्या. दादामियाँची बायको कमरजहां शेजारीच उभी होती.

त्या दिवसापासून चंपाबाईंनी पदर खोचला. बायका गोळा केल्या, पोलीस चौकीवर नेल्या, महापालिकेच्या दारात बसवल्या. वॉर्डाच्या नगरसेविका श्रद्धाताईंनी प्रस्ताव पुढे रेटला आणि बऱ्याच महिन्यांनी सुरक्षा धोरणाचा विषय मुख्य सभेत आला. चंपाबाई आणि कमरजहां गॅलरीत बसल्या होत्या. खाली कोणी मोबाईल बघत होतं, कोणी गप्पा मारत होतं. विषयाचा क्रमांक वाचला गेला, दोन उपसूचना आल्या, बाकं वाजली.

“झालं?” कमरजहांनी विचारलं.

“मंजूर झालं, भाभी!” चंपाबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

धोरणात रस्त्यावरचे दिवे होते, कॅमेरे होते आणि प्रत्येक वॉर्डात नागरिकांची समिती होती. समितीत या दोघीही होत्या. पहिली बैठक क्षेत्रीय कार्यालयात भरली. सोसायट्यांचे अध्यक्ष, दोन निवृत्त गृहस्थ, श्रद्धाताई असे सगळे जमले. पोलिसांकडून आलेल्या साहेबांनी भिंतीवर एक चित्रफीत लावली. वस्तीसमोरच्या इमारतीच्या कॅमेऱ्यात सापडलेली, नुकतीच हाती आलेली.

तोंडाला रुमाल बांधलेली तीन पोरं गल्लीत शिरताना दिसली. दोघं बाटलीतून पेट्रोल ओतत होते. तिसरा थांबला. दुचाक्यांच्या मधून त्यानं एक सायकल अलगद बाहेर काढली, पलीकडे नेऊन भिंतीला टेकवली, परत आला आणि काडी ओढली.

साहेबांनी चित्र तिथंच थांबवलं. “ही सायकल कोणाची, कळलं तर काम सोपं होईल.”

सोसायट्यांच्या अध्यक्षांना काय ठाऊक असणार? ठाऊक होतं ते दोघींनाच. कमरजहां मान खाली घालून बसली होती. बोलायचं काम तिनं चंपाबाईंवर सोडलं होतं.

“आमची,” चंपाबाई म्हणाल्या. पुण्यात येऊन बुजलेली वऱ्हाडी बोली एकाएकी वर आली. “अन् थो माहा पोरगा हाये.”

पोलीस त्यांच्याबरोबरच घरी आले. बद्री खाटेवर पडून मोबाईल बघत होता. आईमागची खाकी बघून तो उठून बसला.

“का केलंस रे?” चंपाबाईंनी विचारलं. “दादामियाँनी तुला रिक्षातून शाळेत सोडलंय.”

“मला काय माहीत ते झोपेतून धावत येतील? चौकातल्या भाईनं सांगितलं, गल्लीला दाखवून द्या.”

“काय दाखवायचं होतं?”

तो खाटेवरून उतरला. चपला घालताना तो एवढंच म्हणाला, “तू सांगितलंस ना? बास.” महिपती दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि मुलाच्या मागोमाग चौकीवर गेला.

श्रद्धाताईंनी सत्काराचं काढलं. “समाजासमोर आदर्श आहे हो, चंपाबाई.” चंपाबाईंनी हात जोडून नको म्हटलं. सोसायट्यांतली पोळ्यांची कामं मात्र एकेक सुटू लागली. एका घरी डबा लावला होता, दुसऱ्या घरी सासूबाई येणार होत्या. तिसऱ्या घरच्या रुपाली मॅडम तेवढ्या सरळ बोलल्या, “मावशी, राग मानू नका. घरी लहान मुलगी आहे. तुमच्या मुलाचे मित्र बाहेरच आहेत ना अजून?” चंपाबाई लाटणं धुऊन निघाल्या.

दादामियाँचे हात बरे झाले, पण बोटं वळेनात. रिक्षाचं हँडल धरता येईना. चंपाबाई रोज त्यांच्याकडे जाऊन पाणी भरू लागल्या. काही दिवसांनी कमरजहांनी त्यांना दारातच थांबवलं. आवाज चढवला नाही.

“ताई, तुम्ही खरं बोललात, ते मी विसरणार नाही. पण येत जाऊ नका. तुम्हाला बघितलं की यांचं जेवण सुटतं.”

बद्री जामिनावर सुटला तो घरी आलाच नाही. आत त्याला भाईपेक्षा मोठे भाई भेटले होते. वर्षभरात कात्रजकडच्या एका मारामारीत त्याचं नाव आलं आणि त्याला जिल्ह्यातून तडीपार केलं. वस्तीत दिवे लागले, कॅमेराही आला. समितीच्या बैठका मात्र दोन-चार होऊन थांबल्या. पुढे शेजारच्या गल्लीत पुन्हा गाड्या जळल्या, तेव्हा बायका चंपाबाईंना बोलवायला आल्या. त्या मोर्चात शेवटच्या रांगेत चालल्या, घोषणा दिल्या नाहीत आणि अर्ध्यातून परत आल्या.

बद्रीचा फोन येतो तो महिपतीलाच. संध्याकाळी, ड्युटीवर निघायच्या आधी. महिपती उंबऱ्यावर बसून हं हं करत ऐकतो. चंपाबाई स्टो बारीक करतात आणि पलीकडचा आवाज ऐकू येतो का बघतात. शब्द कळत नाहीत. महिपती फोन ठेवतो, शिट्टी गळ्यात अडकवतो.

“बरा आहे म्हणतो,” तो भिंतीकडे बघत सांगतो. त्या दिवशी तो घरात तेवढंच बोलतो.